नोंद गेली, डिस्क राहिली: घरच्या सर्व्हरवरचे १०२ क्रमांकाचे व्हीएम परत उभे करताना

घरातल्या एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स व्हीई ८ (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) चालू होते. रॅम ३२ जीबी. बूटसाठी २४० जीबीची साटा एसएसडी आणि व्हीएमच्या डिस्कसाठी १ टीबीची एनव्हीएमई. एनव्हीएमईवर ‘व्हीएमडेटा’ नावाचा व्हॉल्यूम ग्रुप आणि त्यात ‘थिन’ नावाचा एलव्हीएम-थिन पूल. एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी लिनक्सची सोय; थिन पूलमध्ये जागा लिहिले जाईल तशी खर्च होते. त्यात १००, १०१, १०२ आणि १०४ अशी चार व्हर्च्युअल मशीन होती. १०२ वर डेबियन १२ होते आणि घरातले सगळे फोटो त्यातच होते.

वीज गेली, परत आली, पण बूटची एसएसडी पुन्हा उठली नाही. नवी एसएसडी लावून प्रॉक्समॉक्स नव्याने बसवले गेले. त्या वेळी एनव्हीएमई बोर्डावरून काढून बाजूला ठेवली होती. या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय, कारण इन्स्टॉलरमध्ये चुकीची डिस्क निवडली गेली असती तर पुढे करण्यासारखे फार काही उरले नसते. एनव्हीएमई परत लावली, ब्राउझरमधले प्रॉक्समॉक्सचे पॅनेल उघडले, तर डावीकडच्या यादीत एकही व्हीएम नाही. १००, १०१ आणि १०४ चे बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर होते. १०२ चा बॅकअप कधीच घेतला नव्हता, कारण त्यातली फोटोंची डिस्कच ५०० जीबीची.

नेमके काय हरवले

प्रॉक्समॉक्समधले व्हीएम दोन ठिकाणी राहते. एक म्हणजे त्याची डिस्क: एलव्हीएम-थिनमध्ये ‘व्हीएम-१०२-डिस्क-०’ अशा नावाचा लॉजिकल व्हॉल्यूम. दुसरी म्हणजे वीसेक ओळींची मजकूर फाइल, /ईटीसी/पीव्हीई/क्यूईएमयू-सर्व्हर/१०२.कॉन्फ. रॅम किती, कोअर किती, बायोस कोणता, कोणती डिस्क कोणत्या पोर्टला, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता काय, हे सगळे त्या फाइलीत असते. पॅनेलमधली यादी या फाइलींवरूनच बनते. डिस्क जागेवर असून फाइल गेली, तर व्हीएम ‘नाहीसे’ होते.

यात एक खाच आहे. /ईटीसी/पीव्हीई ही साधी डिरेक्टरी नाही. पीएमएक्ससीएफएस नावाचा प्रोग्राम ती चालू यंत्रावर माउंट करून दाखवतो, आणि तिच्यातला खरा मजकूर /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर/कॉन्फिग.डीबी या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो. त्यामुळे जुनी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून /ईटीसी/पीव्हीई उघडले की ती रिकामी दिसते, आणि बरेच जण तिथेच आशा सोडतात. शोधायचे असते ते कॉन्फिग.डीबी.

यादी रिकामी होण्याची इतर कारणेही आधी तपासून बाजूला काढावीत. सर्व्हरचे होस्टनेम बदलले असेल, तर सगळी व्हीएम जुन्या नावाच्या नोडखाली (नोड म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या यादीतला एक सर्व्हर) अडकतात. जुना नोड यादीत करड्या खुणेसह दिसतो आणि फाइली /ईटीसी/पीव्हीई/नोड्स/जुनेनाव/क्यूईएमयू-सर्व्हर/ मध्ये शाबूत असतात. त्या ‘एमव्ही’ने नव्या नावाच्या डिरेक्टरीत हलवल्या की काम झाले. आणखी एक शक्यता म्हणजे कॉन्फ फाइल चुकून पुसली, पण व्हीएम अजून चालूच आहे. तसे असेल तर सर्व्हर रीबूट करू नये. ‘पीएस’च्या यादीत केव्हीएम प्रक्रियेची लांबलचक कमांड दिसते आणि तिच्यात मॅक पत्त्यापासून डिस्कच्या वाटेपर्यंत सगळे लिहिलेले असते. ती कमांड उतरवून घेतली की फाइल पुन्हा लिहिता येते. या प्रकरणात यातले काहीच लागू नव्हते. यंत्रणा नवी होती, नोंदी खरोखरच गेल्या होत्या.

आधी काय करू नये

नव्या यंत्रणेला जुन्या क्रमांकांची खबर नसते. नवे व्हीएम करायला घेतले की ती १०० हाच क्रमांक सुचवते. त्या क्रमांकाने चाचणीचे व्हीएम केले, तर जुनी ‘व्हीएम-१००-डिस्क-०’ त्या क्षणी पुसली जात नाही, नव्या डिस्कला पुढचा मोकळा अंक मिळतो. खरा धोका नंतर येतो. ते चाचणीचे व्हीएम काढून टाकताना ‘संदर्भ नसलेल्या डिस्कही नष्ट करा’ या चौकटीत खूण पडली, तर १०० क्रमांकाच्या मालकीची प्रत्येक डिस्क जाते, जुनीसुद्धा. म्हणून डेटासेंटरच्या पर्यायांमध्ये पुढच्या मोकळ्या क्रमांकाची खालची मर्यादा आधी ५०० करून ठेवली. मिनिटभराचे काम, पण ते पहिले करावे.

पॅनेलच्या डिस्क विभागातल्या ‘वाइप’ आणि ‘इनिशियलाइज’ या बटणांकडे फिरकू नये. तिथून नवा थिन पूल तयार करण्याचा प्रयत्नही नको. पूल आहेच, तो फक्त ओळखीचा करून द्यायचा आहे.

पूल आणि डिस्क

‘व्हीजीएस’ने व्हॉल्यूम ग्रुप दाखवला. ‘एलव्हीएस -ए’मध्ये पूल सक्रिय होता, डेटा ६१ टक्के भरलेला. १०२ च्या नावाने तीन व्हॉल्यूम निघाले: डिस्क-० ४ एमबी, डिस्क-१ ३२ जीबी, डिस्क-२ ५०० जीबी.

पूल असा सरळ उठतोच असे नाही. वीज अचानक गेल्यावर कधी मेटाडेटाची (पूलमध्ये काय कुठे आहे या नोंदीची) तपासणी फसते आणि हाताने दुरुस्ती करायला सांगणारा संदेश येतो. तेव्हा पूल निष्क्रिय करून ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ चालवतात. त्यासाठी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मेटाडेटाइतकी मोकळी जागा लागू शकते. पूल बनवताना शंभर टक्के जागा त्यालाच देणाऱ्यांची इथे अडचण होऊ शकते, म्हणून काही जीबी नेहमी मोकळे सोडावेत. दुरुस्तीनंतर जुना मेटाडेटा वेगळ्या व्हॉल्यूममध्ये राहतो. सगळे नीट चालल्याची खात्री होईपर्यंत तो काढू नये.

मग तिन्ही व्हॉल्यूमचे थिन स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेतले. ‘एलव्हीक्रिएट -एस’ला इथे आकार द्यायचा नसतो. आकार दिला तर थिनऐवजी जुन्या पद्धतीचा जाड स्नॅपशॉट बनतो. नाव ‘राखीव-१०२-१’ अशा धाटणीचे ठेवले. ‘व्हीएम-१०२-’ने सुरू होणारे नाव दिले असते तर प्रॉक्समॉक्सने स्नॅपशॉटलाच १०२ ची आणखी एक डिस्क मानले असते आणि पुढे गोंधळ झाला असता. असे स्नॅपशॉट आपोआप सक्रिय होत नाहीत. उघडायचे तर ‘एलव्हीचेंज -एवाय -के’ लागते, त्यातला ‘के’ मोठा.

जुन्या एसएसडीतून काय मिळाले

बूटची एसएसडी उठत नव्हती, तरी यूएसबी अडॅप्टरवर ती ओळखली जात होती, फक्त मध्येच अडकायची. अशी डिस्क थेट माउंट करू नये. प्रत्येक वाचन शेवटचे ठरू शकते, म्हणून पहिले वाचन पूर्ण प्रत काढण्यासाठीच वापरावे. ‘डीडीरेस्क्यू’ या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामच्या पहिल्या फेरीत ‘-एन’ देऊन अडणारे भाग सोडून दिले, दुसऱ्या फेरीत ‘-डी -आर३’ देऊन फक्त त्या भागांवर तीनदा प्रयत्न केला. मॅप फाइल दोन्ही वेळा तीच ठेवायची. ती नसेल तर दुसरी फेरी पुन्हा सुरुवातीपासून सुरू होते.

ही प्रत नव्या सर्व्हरवर उघडण्याचा मोह टाळावा. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर व्हॉल्यूम ग्रुपला ‘पीव्हीई’ असेच नाव देतो. जुन्या डिस्कवर ‘पीव्हीई’, नव्यावरही ‘पीव्हीई’, म्हणजे एकाच यंत्रावर एकाच नावाचे दोन ग्रुप. यूयूआयडी (प्रत्येक ग्रुपची स्वतंत्र ओळख) वापरून नाव बदलता येते, पण त्यात चुकून चालत्या यंत्रणेच्या ग्रुपला हात लागू शकतो. त्यापेक्षा दुसऱ्या संगणकावर लाइव्ह लिनक्स सुरू करून ‘लॉसेटअप -एफपी -आर’ने प्रत फक्त वाचनासाठी जोडली, केवळ रूट व्हॉल्यूम सक्रिय केला आणि ‘आरओ,नोलोड’ पर्यायांसह माउंट केला. ‘नोलोड’ नसेल तर एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम अर्धवट जर्नल (लेखनाची आगाऊ नोंद) पुन्हा लिहायला बघते, आणि फक्त वाचता येणाऱ्या प्रतीवर ते अडून बसते.

कॉन्फिग.डीबी मिळाले. सोबत ‘-वॉल’ शेपटीची फाइलही उचलायची असते, कारण अलीकडचे बदल तिच्यातच असू शकतात. ‘ट्री’ नावाच्या टेबलात ‘नेम’ आणि ‘डेटा’ हे रकाने असतात, कॉन्फ फाइलीचा मजकूर ‘डेटा’त जसाच्या तसा. पण क्वेरी चालवल्यावर एसक्यूलाइटने डेटाबेस बिघडल्याचे सांगितले. ‘.रिकव्हर’ने १००, १०१ आणि १०४ च्या ओळी बाहेर आल्या. १०२ ची ओळ ज्या पानावर होती ते नेमके न वाचलेल्या भागात गेले होते.

मात्र एसक्यूलाइट जुनी पाने लगेच पुसत नाही, आणि कॉन्फ फाइल साधा मजकूर असते. म्हणून संपूर्ण इमेजवर ‘ग्रेप -ए -बी’ने ‘व्हीएम-१०२-डिस्क-१’ शोधले आणि सापडलेल्या ठिकाणापासून ‘डीडी’ने ४ केबीचे तुकडे काढले. एका तुकड्यात १०२ ची पूर्ण कॉन्फ मिळाली, पण जुनी. त्यात डिस्क-० आणि डिस्क-१ होत्या, डिस्क-२ चा पत्ता नव्हता, आणि रॅम ४०९६ एमबी लिहिली होती. म्हणजे फोटोंची डिस्क जोडण्याआधीची ही नोंद.

उरलेला धागा /व्हार/लॉग/पीव्हीई/टास्क्स मध्ये सापडला. पॅनेलमधून डिस्क जोडली की त्या कामाच्या लॉगमध्ये ‘अपडेट व्हीएम १०२’ असे लिहून दिलेले पर्याय नोंदवले जातात. ५०० जीबीची डिस्क ‘स्कझी१’ला जोडल्याची ओळ तिथे होती. रूटच्या बॅश इतिहासातही अशा गोष्टी सापडतात. पॅनेलऐवजी कमांडने काम करणाऱ्यांनी तो आधी पाहावा.

व्हीएमच्या पोटातली साक्ष

जुनी एसएसडी पूर्ण मेली असती, तरीही हे व्हीएम परत आले असते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे योग्य. प्रत्येक व्हीएम बूट होताना आपल्यासमोरचे हार्डवेअर स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवते. तो लॉग त्याच्याच डिस्कमध्ये असतो.

डिस्क-१ च्या राखीव स्नॅपशॉटला ‘लॉसेटअप -एफपी -आर’ने जोडले. ‘एफडिस्क’ने जीपीटी तक्ता दाखवला, त्यात सुरुवातीलाच ईएफआय सिस्टिम विभाग. म्हणजे बायोस जुन्या पद्धतीचा सीबायोस नव्हे, यूईएफआय पद्धतीचा ओव्हीएमएफ. एक्स्ट४ विभाग फक्त वाचनासाठी माउंट केला आणि ‘जर्नलसीटीएल’ला ‘-डी’ने (मोठा डी) आतली लॉगची डिरेक्टरी देऊन कर्नलचे शेवटचे बूट वाचले.

डीएमआयच्या (यंत्राची ओळख सांगणाऱ्या) ओळीत ‘स्टँडर्ड पीसी (क्यू३५ + आयसीएच९, २००९)’ असे होते, म्हणजे मशीनचा प्रकार क्यू३५. नेटवर्क कार्डाचे नाव ‘ईएनपी६एस१८’ होते, त्यानेही तेच सिद्ध होते. प्रॉक्समॉक्सच्या मूळ आय४४०एफएक्स प्रकारात हेच कार्ड ‘ईएनएस१८’ म्हणून दिसते. मशीनचा प्रकार चुकवला तर व्हीएम बूट होते, पण नेटवर्क उठत नाही, कारण इंटरफेसेस फाइलीतले नाव आणि प्रत्यक्षातले नाव जुळत नाही. डेटा हरवला असे वाटून लोक घाबरतात, आणि बिघाड असतो एवढाच. मेमरीच्या ओळीत ८ जीबीच्या आसपासचा आकडा होता, म्हणजे जुन्या कॉन्फमधले ४०९६ नंतर बदलले होते. सीपीयूच्या ओळीत चार कोअर आणि होस्टच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या, प्रोसेसरचेच नाव दिसले, म्हणून सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’. डीएचसीपी क्लायंटच्या ओळीत मॅक पत्ता होता, तो जुन्या कॉन्फशी तंतोतंत जुळला.

आतल्या एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची या यादीत) फोटोंची डिस्क यूयूआयडीने लिहिलेली होती. डिस्क-२ वर ‘बीएलकेआयडी’ चालवले तर तोच यूयूआयडी निघाला. त्या डिस्कवर विभाग पाडलेले नव्हते, थेट एक्स्ट४ होते. तिच्यावर ‘ई२एफएससीके -एन’ (फाइलसिस्टिमची तपासणी) चालवल्यास काही चुका दिसतात, पण जर्नल पुन्हा चालवलेले नसताना ‘-एन’ने दाखवलेल्या चुका खऱ्या मानू नयेत. त्या पाहून ‘-वाय’ने दुरुस्तीला बसणे म्हणजे नसलेल्या आजारावर शस्त्रक्रिया.

नोंद पुन्हा लिहिणे

‘पीव्हीईएसएम ॲड एलव्हीएमथिन’ने पूल जोडला. स्टोरेजचे नाव जुन्या कॉन्फमध्ये होते तेच ठेवले, म्हणजे जुन्या ओळी तशाच चालतात. ‘पीव्हीईएसएम लिस्ट’मध्ये सगळ्या डिस्क दिसल्या.

१००, १०१ आणि १०४ साठी बॅकअपमधून संपूर्ण रिस्टोअर केले नाही, आणि तेच बरोबर होते. एनव्हीएमईवरच्या डिस्क बॅकअपपेक्षा ताज्या होत्या. बॅकअपवर ‘शो कॉन्फिगरेशन’ दाबून मजकूर घेतला, ‘.रिकव्हर’मधून मिळालेल्या मजकुराशी ताडून पाहिला आणि त्याच डिस्क पुन्हा जोडल्या. तिन्ही लगेच उठली.

१०२ साठी ‘क्यूएम क्रिएट १०२’ चालवले, डिस्कशिवाय: मशीन क्यू३५, बायोस ओव्हीएमएफ, कोअर ४, मेमरी ८१९२, सीपीयू होस्ट, स्कझी कंट्रोलर ‘व्हर्टआयओ-स्कझी-सिंगल’, नेटवर्क व्हर्टआयओ, जुन्या मॅक पत्त्यासह व्हीएमबीआर० या होस्टच्या नेटवर्क ब्रिजवर. कंट्रोलर मुद्दाम लिहायचा. कमांडने व्हीएम करताना तो दिला नाही तर एलएसआय धरला जातो, पॅनेलमधून करताना व्हर्टआयओ येतो. आत विंडोज असेल तर या एका फरकाने बूट डिस्क सापडत नसल्याची निळी स्क्रीन येते.

मग ‘क्यूएम सेट’ने डिस्क जोडल्या. इथे एक अक्षर फार महाग पडते. ‘स्टोरेज:३२’ म्हणजे ३२ जीबीची नवी कोरी डिस्क बनव; ‘स्टोरेज:व्हीएम-१०२-डिस्क-१’ म्हणजे असलेली जोड. पहिले लिहिले तर रिकाम्या डिस्कवरून बूट होत नाही आणि खरी डिस्क खराब झाली असा समज होतो. डिस्क-० ईएफआय डिस्क म्हणून ‘ईएफआयटाइप=४एम’सह जोडली. हा पर्याय जुन्या कॉन्फमधून मिळाला. व्हॉल्यूमच्या आकारावरून तो कळत नाही, कारण जुन्या प्रकारची छोटी ईएफआय डिस्कही एलव्हीएममध्ये ४ एमबीच दिसते. एक्स्टेंटच तेवढा असतो. टीपीएमची डिस्कही तेवढीच, त्यामुळे विंडोज ११ च्या व्हीएममध्ये ४ एमबीच्या दोन डिस्क दिसल्या तर अदलाबदल होऊ शकते. डिस्क-१ स्कझी०, डिस्क-२ स्कझी१, आणि बूटचा क्रम स्कझी०.

क्रमांक मिळतो पण कोणती डिस्क कुठे ते कळत नाही, अशा वेळी ‘क्यूएम डिस्क रिस्कॅन’ चालवावे. त्या क्रमांकाच्या सगळ्या डिस्क ‘अनयूज्ड’ म्हणून व्हीएमला लागतात, मग एकेक जागेवर बसवता येतात.

पहिले बूट

नेटवर्कला ‘लिंकडाउन=१’ ठेवून सुरू केले. फोटोंचा प्रोग्राम उठताच फोनवरून ताजे फोटो आत येऊ लागतात, आणि डिस्क तपासून होईपर्यंत तिच्यावर काही लिहिले जायला नको होते. ग्रब (बूट लोडर) दिसले, एक्स्ट४ ने जर्नल चालवले, लॉगिन आले. ईएफआय डिस्क हरवलेली असती आणि नवी कोरी लावावी लागली असती, तर बहुधा ईएफआय शेलमध्ये अडकायला झाले असते. तेव्हा फर्मवेअरच्या मेनूतून डेबियनच्या डिरेक्टरीतली ग्रबची ईएफआय फाइल हाताने निवडायची आणि आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ पुन्हा चालवायचे.

आत ‘फाइंडएमएनटी’ने फोटोंची डिस्क जागेवर असल्याचे दाखवले. फोटोंच्या प्रोग्रामचा डेटाबेस डिस्क-१ वर आणि मूळ फाइली डिस्क-२ वर असल्याने दोन्हींची एकमेकांशी पडताळणी महत्त्वाची होती: डेटाबेसमधली नोंदींची संख्या आणि डिस्कवरची फाइलींची संख्या. फरक फक्त वीज गेली त्या सुमाराला चढत असलेल्या काही फाइलींचा होता, आणि त्या फोनमध्ये अजून होत्या. मग लिंक चालू केली. मॅक तोच असल्याने राउटरने आयपी पत्ताही तोच दिला, आणि फोनमधल्या ॲपमध्ये काही बदलावे लागले नाही.

राखीव स्नॅपशॉट आठवडाभर ठेवले आणि पूलचा डेटा व मेटाडेटा टक्का रोज पाहिला. स्नॅपशॉट असताना प्रत्येक नवीन लेखन जास्तीची जागा घेते, आणि थिन पूल काठोकाठ भरला तर त्याच्यावरच्या सगळ्याच व्हीएमना लेखनाच्या चुका येतात. आठ दिवसांनी ते ‘एलव्हीरिमूव्ह’ने काढले, प्रत्येक वेळी नाव पूर्ण लिहून, ताराचिन्ह न वापरता.

१०२ आता रोजच्या बॅकअपमध्ये आहे. स्कझी१ वर ‘बॅकअप=०’ लावल्याने ५०० जीबी त्यातून वगळले जातात, ३२ जीबीची डिस्क आणि कॉन्फ मात्र दर रात्री जाते. फोटोंची प्रत आरसिंकने वेगळ्या डिस्कवर जाते. आणि /ईटीसी/पीव्हीईची टार फाइल दररोज सर्व्हरबाहेर लिहिली जाते. ती काही केबींचीच असते.